बाविसाव्या किलोमीटरला कंबर बोलते

सायकल चालवताना माझी कंबर बाविसाव्या किलोमीटरला बोलायला लागायची. चढ असला तर अठराव्याला. पण धड पंचवीस किलोमीटर तिने गप्प बसून काढलेत, असं दीड वर्षात एकदाही झालं नाही. आधी पट्ट्याच्या जागी एक जडपणा, मग उजवीकडे रग, आणि घरी येऊन बूट काढायला वाकले की तोंडातून "आई गं".

मी शाळेत गणित शिकवते, वय सत्तेचाळीस. दिवसाचा निम्मा वेळ फळ्यापुढे उभी, उरलेला वह्यांवर वाकलेली. सायकल हौसेची: आठवड्यात दोनदा तासभर आणि रविवारी पन्नास-साठ किलोमीटर. कंबरेसाठी मी मलम लावलं, पट्टा बांधला, सीटवर जेलचं कव्हर चढवलं आणि जिद्दीने तीन मिनिटांच्या प्लँकपर्यंत (कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं ताठ धरणं) पोचले. कंबर बाविसाव्यालाच बोलली. प्लँकचं फार वाईट वाटलं, कारण तो मी मैत्रिणींना करून दाखवायचे.

पुढे जे जमलं ते इथे लिहिते, ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने. मी स्वतः उलटं केलं. आधी व्यायाम, मग सायकल, आणि आपण बसतो कसे हे सगळ्यात शेवटी पाहिलं.

त्याआधी दुखण्याला नाव द्या. आपल्या भाषेत त्यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत. रग म्हणजे दमलेल्या स्नायूचं दुखणं. सायकलवरून उतरून दहा मिनिटं चाललं की ओसरतं. हा लेख रगेसाठी आहे. कळ वेगळी. ती एका ठिकाणाहून निघते, नितंबातून पायात उतरते, खोकलं-शिंकलं की वाढते. मुंग्या आणि बधिरपणा आणखी वेगळा. कळ पायात जात असेल, पाऊल उचलताना अडखळत असेल, दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत ताप असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर सायकल भिंतीला टेकवा आणि डॉक्टर गाठा. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जायचं. तिथे व्यायाम नाही, लेख नाही.

आता वही. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक राईडनंतर चारच गोष्टी लिहा: कितव्या किलोमीटरला दुखायला लागलं, कुठे, रस्ता कसा होता, आणि सायकलीत किंवा व्यायामात काय बदललं होतं. दुखणं दहापैकी किती वगैरे मी लिहीत नाही, कारण घरी आल्यावर तो आकडा मूडप्रमाणे बदलतो. किलोमीटर बदलत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याला किमान तीन राईड द्यायच्या. मी एका रविवारी सीट खाली केलं, हँडल वर घेतलं आणि बूटही बदलले. बरं वाटलं. कशाने वाटलं ते आजतागायत कळलेलं नाही.

मग व्हिडिओ. सायकल घरातल्या ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) लावा, किंवा कुणाला तरी रस्त्याकडेला उभं करा आणि बाजूने जाताना चित्रण करायला सांगा. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर हवा आणि अंगात घट्ट कपडे. एकदा ताजंतवानं असताना, एकदा तासाभराने. माझा व्हिडिओ मुलाने काढला आणि पाहून म्हणाला, "आई, तू कासवासारखी दिसतेस." खरंच होतं ते. मला वाटायचं की मी पुढे झुकले आहे. प्रत्यक्षात माझी बैठक खुर्चीत बसल्यासारखी मागे रेललेली होती आणि तिथून पाठ गोल वळून हँडलकडे पोचली होती. सगळा बाक कंबरेच्या पाच मणक्यांत.

इथेच सगळी मेख आहे. हँडलपर्यंत पोचायचं तर शरीर कुठून तरी मोडायला हवं. ते खुब्यातून मोडलं, म्हणजे कटीचं (कंबरेखालचं, ज्यावर आपण बसतो ते) अख्खं हाड सीटवर पुढे कललं, की कंबर बऱ्यापैकी सरळ राहते. कटी जागची हलली नाही की तो बाक कंबरेला पुरवावा लागतो. मग मणक्यामागचे अस्थिबंध ताणलेले राहतात, पाठीचे स्नायू लांबलेल्या अवस्थेत ताण धरून बसतात, आणि पायांना जोर लावायला घट्ट आधार हवा तो मिळत नाही. कंबर स्वतःच्या कामाने फारशी दमत नाही. ती खुब्याचं, नितंबाचं आणि पोटाचं राहिलेलं काम करून दमते. तिला पट्टा बांधणं म्हणजे ओव्हरटाईम करणाऱ्याला नवी खुर्ची देणं.

आणि हे आपल्यासारख्या हौशांचंच आहे असं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०९ व्यावसायिक सायकलपटूंना विचारलं होतं. ५८ टक्के जणांची कंबर मागच्या वर्षभरात दुखली होती. ज्यांचं पोट सायकलवर चालतं, ज्यांच्या दिमतीला फिजिओ असतात, त्यांची ही गत. तेव्हा लाजू नका.

खुब्यातून वाकणं जमिनीवर शिकायचं, सायकलवर नाही. एक सरळ काठी घ्या. पाठीमागे उभी धरा: एक हात मानेमागे, दुसरा कंबरेच्या खळग्यामागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर. गुडघे किंचित सैल सोडा. आता मागचं दार ढुंगणाने लोटायचंय अशा बेताने ढुंगण मागे न्या आणि छाती पुढे येऊ द्या. तिन्हीपैकी एक जागा सुटली की थांबा. तेवढंच तुम्हाला सध्या खुब्यातून वाकता येतं. पहिल्या दिवशी माझी काठी इतक्या लवकर माकडहाडावरून सुटली की मला वाटलं, काठीच वाकडी आहे. मी दुसरी आणली. रोज दहा वेळा, दोन आठवडे. मांडीच्या मागच्या शिरा ओढल्यासारख्या वाटतात. त्या आखडलेल्या असतील तर कटीला मागे धरून ठेवतात, म्हणून त्याही हळूहळू सैल व्हाव्या लागतात.

मग हेच सायकलवर. सीटवर बसून पाठ ताठ ठेवा, बेंबी सीटच्या टोकाकडे न्यायची आहे असा विचार करा आणि मग हात हँडलवर ठेवा. आधी कटी, मग हात. बहुतेक लोक आधी हात टाकतात.

काही जणांची, आणि विशेषतः बायकांची, कटी पुढे कलत नाही याचं कारण अगदी साधं आहे: कललं की पुढच्या नाजूक भागावर सीट रुतते. मग शरीर गुपचूप मागे रेलतं आणि कंबर किंमत मोजते. याबद्दल आम्ही आपसांतसुद्धा बोलत नाही. फिजिओने विचारल्यावर मी इकडेतिकडे बघायला लागले होते. उपाय म्हणजे बैठकीच्या दोन हाडांना पेलेल एवढ्या रुंदीचं आणि मधे खाच असलेलं सीट. रुंदी मोजायला नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक खुर्चीवर ठेवा, त्यावर पुढे झुकून बसा, उठा; दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजून ठेवा. सीट त्यापेक्षा थोडं रुंद हवं. जेलचं कव्हर मी काढून टाकलं. मऊ गादीत हाडं बुडतात आणि दाब नको तिथेच येतो.

आता सीटची उंची. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझं निम्मं दुखणं इथे होतं.

सीट जास्त उंच असलं की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही. मग त्या बाजूची कटी खाली झुकते, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात दुसऱ्या बाजूची. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर तासात ४८०० फेरे. म्हणजे तासाला ९६०० वेळा कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागून काढलेल्या व्हिडिओत हे लगेच दिसतं: चड्डीची मागची शिवण लंबकासारखी हलते. सीट फार खाली असलं तर गुडघा वर येताना मांडी पोटाकडे चेपली जाते आणि कटी पुन्हा मागे ढकलली जाते. दोन्हीकडून मार कंबरेलाच.

तपासायची सोपी रीत अशी. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कटी न झुकता. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. साधारण २५ ते ३५ अंशांचा तो असावा. दुसरी रीत आकड्यांची, म्हणून मला प्रिय. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ती ओळखली जाते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणायचं. जे येईल ते क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माझे ७६ सेंटिमीटर, म्हणजे ६७.१. माझं सीट होतं ६९.४ वर! हा आकडा देववाणी नाही. बुटाचा तळवा, क्रँकची लांबी, पाऊल कसं धरता यावर दोन्हीकडे थोडं सरकतं. पण दोन सेंटिमीटरची चूक त्याने लपत नाही.

एकदम खाली आणू नका. मी दर तीन राईडनंतर पाच मिलिमीटर आणलं आणि ६७.४ वर थांबले. सीटपोस्टला (सीटखालच्या नळीला) चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. मध्यंतरी माझा दुखण्याच्या किलोमीटरचा आकडा वहीत चौतीसवरून सव्वीसवर घसरला आणि मी दोन आठवडे व्यायामाला दोष देत बसले. क्लँप ढिला होऊन सीटपोस्ट हळूहळू खाली सरकत होता. खूण असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सीटचं टोक वर असेल तर ते कटीला मागे रेटतं. १९९९ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हौशी सायकलस्वारांवरचा एक अभ्यास आला होता. टोक दहा ते पंधरा अंश खाली झुकवल्यावर सत्तर टक्क्यांहून जास्त जणांचं कंबरेचं दुखणं बरंच कमी झालं. वाचून मी हुरळले आणि सीट चांगलं घसरगुंडीसारखं केलं. कंबर खूश. पण मी पुढे सरकत राहिले, अंगाचा भार हातांवर आला आणि करंगळ्या बधिर. म्हणून माझं मत असं: आधी सीट सपाट करा (वर जाड पुस्तक आणि त्यावर मोबाईलमधली लेव्हल), मग एकेक अंश खाली. मी दोन अंशांवर थांबले.

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढणं ही सगळ्यांची आवडती चूक. सीट पुढे-मागे करायचं ते गुडघा आणि पेडल यांच्या हिशेबाने. हँडलचं अंतर स्टेमने (हँडलला सायकलीशी जोडणाऱ्या आडव्या तुकड्याने) कमी करायचं. हात हँडलवर असताना कोपरं किंचित वाकलेली हवीत आणि बोटं पेटी वाजवता येईल इतकी मोकळी. कोपरं ताठ आणि खांदे कानाला लागलेले असतील, तर स्टेम लांब आहे किंवा हँडल खाली आहे. माझा १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा बसवला, खाली एक स्पेसर (स्टेम उंच करणारी कडी) वाढवला (तीन राईडच्या अंतराने, शिकले होते तोवर). सायकल दिसायला थोडी कमी शर्यतीची दिसते. दिसू दे. टायरमधली हवाही बघा. दगडासारखी भरली की प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळतो.

रस्त्यावर तीन गोष्टी. पहिली, गिअर. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. माझे चौदा यायचे, म्हणजे मिनिटाला ५६ फेरे. जड गिअर रेटताना प्रत्येक ढकलीला कंबर खांबासारखी धरावी लागते. वीस ते बावीस यावेत, म्हणजे ऐंशी-नव्वद फेरे. सुरुवातीला सीटवर उडल्यासारखं होतं, धापही लागते, महिन्याभरात बसतं. दुसरी, दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठा, वीस-तीस सेकंद उभ्याने पेडल मारा, कंबर पुढे ढकलून ताणून घ्या. दुखायच्या आधी. दुखल्यावर उठणं म्हणजे गळती लागल्यावर छत्री शोधणं. तिसरी, चढावर हँडल ओढू नका. हात जितके ओढतात तितकी पाठ आवळते.

आणि पहाटेचं एक. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगलेली असते. म्हणून सकाळी आपली उंची किंचित जास्त भरते आणि कंबर वाकायला कुरकुरते. उठल्यानंतरचा पहिला तास खोल वाकण्यासाठी वाईट. मी पाचला उठून साडेपाचला हँडलच्या खालच्या वळणावर पालथी पडायचे. आता बूट उभ्याने, पाय स्टुलावर ठेवून बांधते, घरातच थोडी चालते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं हँडलच्या वरच्या पट्टीवर हात ठेवून, जवळजवळ ताठ बसून चालवते.

राहिला व्यायाम. कोअर म्हणजे पोटावरच्या वड्या नव्हेत. पोटाच्या आतला पट्टा, मणक्यालगतचे बारीक स्नायू, कुशीचे, नितंबाचे, सगळ्यांनी मिळून पाय चालत असताना धड जागेवर ठेवायचं, एवढंच काम. तीन मिनिटांचा प्लँक मला यात उपयोगी का पडला नाही, ते फिजिओबाईंनी एका वाक्यात सांगितलं: "मॅडम, त्यात तुमचे पाय हलतच नाहीत." कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या यंत्रणेवर आयुष्यभर काम केलं आणि तीन व्यायाम निवडले. मी तेच करते.

पहिला, बर्ड-डॉग. गुडघे आणि तळहात टेकून घोडा व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, जमिनीला समांतर. कंबर हलता कामा नये. मी कंबरेच्या खळग्यात फळ्याचा डस्टर ठेवते. पहिल्या आठवड्यात तो डाव्या पायाला दर वेळी पडायचा, उजव्याला कधीच नाही. म्हणजे वहीत रग उजवीकडेच का लिहिली जात होती, त्याचा धागा तिथे सापडला. पाय जितका उंच नेऊ तितका डस्टर घसरतो, म्हणून उंचीचा हव्यास नको. टाच मागच्या भिंतीत ढकला.

दुसरा, साईड प्लँक. सुरुवातीला कोपर आणि गुडघ्यांवर. कान, खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत. तिसरा, कर्ल-अप: पाठीवर निजायचं, एक गुडघा वाकवून, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलायचे. कंबरेने हातांवरचा दाब बदलायचा नाही. शाळेतल्या कवायतीसारख्या उठाबशा इथे नकोत, त्यात पुन्हा तोच बाक.

तिन्हींत दहा सेकंद धरायचं, सोडायचं. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. वेळ वाढवत न्यायची नाही. दमलेल्या स्नायूने चुकीच्या पद्धतीने धरलेला चाळिसावा सेकंद काही शिकवत नाही. यात मी ब्रिज जोडला आहे: उताणं निजून, गुडघे वाकवून, नितंब आवळत कटी वर. तो करताना मांडीच्या मागे पेटके आले तर समजा की नितंब झोपलेत. टाचा थोड्या जवळ घ्या. शेवटी एक गुडघा टेकून जांघेचा पुढचा भाग ताणते, कारण खुर्ची आणि सायकल दोन्ही तो आखडवतात. सगळं मिळून पंधरा-सोळा मिनिटं, संध्याकाळी, आठवड्यातून पाच दिवस. राईडवरून उतरल्या उतरल्या नाही. आणि उतरल्या उतरल्या वाकून सायकल उचलून जिना चढणंही नको. आधी पाच मिनिटं चाला. माझी उसण भरली होती ती सायकलवर नव्हे, जिन्यात.

सहाव्या आठवड्यात आकडा तिशीत गेला, तिसऱ्या महिन्यात चाळिशीत. मधेच ती सीटपोस्टची भानगड. शाळेच्या परीक्षांत दोन आठवडे व्यायाम बुडाला तेव्हा चव्वेचाळीसवरून सदतीस. तीन आठवड्यांत परत.

वहीतली शेवटची नोंद परवाची: "५८. उजवीकडे रग, थोडी. समोरून वारा, शेवटचे आठ किलोमीटर खालच्या वळणावर. बदल: काही नाही." पुढच्या रविवारी रस्ता तोच, खालचं वळण बंद.